वजनकाटा कुठे आहे?

ओव्हनला दोष देणं आधी बंद करा. टेबलावर मांडलेल्या प्रत्येक ट्रेमधलं बिस्किट मी खाऊन पाहिलं आहे आणि प्रत्येकाची सबबही ऐकून घेतली आहे. ओव्हन जुना झालाय, मैदा या वेळी वेगळा निघाला, कृतीतच साखर कमी दिली होती. नाचता येईना अंगण वाकडं. कृती माझी आहे, मैदा सगळ्यांनी एकाच दुकानातून आणलाय आणि ओव्हन मी सकाळी स्वतः तपासलाय. बिघडलंय ते तुमचं लक्ष.

काय करायला सांगितलं होतं मी? काजूची साधी बिस्किटं. मैदा 150 ग्रॅम, लोणी 100 ग्रॅम, पिठीसाखर 60 ग्रॅम, काजूची पूड 60 ग्रॅम आणि चिमूटभर मीठ. अंडं नाही, सोडा नाही, बेकिंग पावडर नाही. पाच जिन्नस पाहिले आणि तुम्ही मनातल्या मनात ठरवून टाकलंत, की यात शिकण्यासारखं काय आहे! गेल्या महिन्यात केकला तुम्ही यापेक्षा जास्त मान दिला होता. केकच्या पोटातला कच्चेपणा क्रीमच्या थराखाली झाकता तरी येतो. या बिस्किटात झाकायला जागाच नाही. लोणी जास्त झालं की ते ट्रेवर पसरतं, मैदा जास्त झाला की घशाला कोरड पडते आणि काजू जुना असला की पहिल्याच घासाला कळतं. टेबलावर तिन्ही प्रकार हजर आहेत.

आता वजनाचं. "वाटीनं मोजलं" असं चौघींनी सांगितलं. कुठली वाटी? आमटीची, खिरीची की कृतीबरोबर लिहिलेला 240 मिलिलिटरचा कप? आणि भरली कशी? चाळलेला मैदा हलक्या हातानं त्या कपात भरला, तर साधारण 120 ग्रॅम बसतो. तोच कप डब्यात खुपसून, दाबून, शिगोशीग भरून काढलात तर 150 च्या पुढे जातो. म्हणजे पाव हिस्सा मैदा जास्त, आणि तुम्हाला पत्ताही नाही. मग गोळा कोरडा झाला म्हणून कुणी दूध घातलं, दूध घातल्यावर तो चांगला पाच मिनिटं मळला, आणि निघालं काय? वातड बिस्किट. मैद्यात पाणी गेलं आणि वर मळणंही झालं की त्यातलं ग्लुटेन ताणलं जातं. पोळीला ते हवं असतं, बिस्किटाला नको असतं. एका न तोललेल्या कपातून तीन चुका निघाल्या. शेवटची चूक दिसली म्हणून तुम्ही तिच्यावरच बोट ठेवलंत.

"आमची आजी सगळं अंदाजानंच करायची." हे वाक्य या वर्गात पुन्हा ऐकायचं नाही. तुमची आजी चिपट्या-मापट्यानं मोजायची. तेच माप, तीच परात, घरचंच कढवलेलं तूप आणि वर्षानुवर्षं तोच हात. ती मोजतच होती, फक्त तिचा काटा तुम्हाला दिसत नव्हता. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, पिठीसाखर बांधून घेऊन बायका गल्लीतल्या बेकरीत जायच्या आणि नानकटाई भाजून पत्र्याच्या डब्यात भरून आणायच्या. तिथेही भट्टीवाला तूप तोलून घ्यायचा, आणि कमी भरलं तर बाईला तोंडावर सांगायचा. अंदाज हा अनुभवाच्या शेवटी येतो. तुम्ही सुरुवातच तिथून करताय.

लोण्याऐवजी तूप ज्यांनी घातलं त्यांनी उभं राहा. तूप घातलंत याबद्दल माझी तक्रार नाही, तुपाची बिस्किटं उत्तम होतात. पण 100 ग्रॅम लोण्याच्या जागी 100 ग्रॅमच तूप कसं घातलंत? बाजारच्या लोण्यात स्निग्धांश 80 टक्क्यांच्या आसपास असतो, बाकीच्यात मुख्यतः पाणी आणि थोडा दुधाचा अंश. तुपात जवळजवळ सगळाच स्निग्धांश. तुम्ही सरळ 20 ग्रॅम स्निग्ध पदार्थ वाढवलात आणि पाणी काढून टाकलंत. 80 ग्रॅम तूप आणि चमचाभर दूध एवढा हिशेब होता. तो पाटीवर लिहिलेला होता, अजूनही आहे.

त्यातही ते तूप तुम्ही मायक्रोवेव्हमध्ये पातळ करून ओतलंत. नानकटाईचं तूप परातीत तळहातानं का फेसतात? पांढरं, हलकं होईपर्यंत बायका का घासत बसायच्या? थिजलेल्या तुपात साखरेचे कण घासले जातात तेव्हा त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, आणि बिस्किटाचा भुसभुशीतपणा तिथून येतो. पातळ तुपात हवा टिकत नाही. बोट दाबल्यावर खळगा पडेल पण बोट आत बुडणार नाही, इतपत लोणी किंवा तूप मऊ हवं. एप्रिलच्या उकाड्यात ओट्यावर ठेवलेलं लोणी अर्ध्या तासात ही पायरी ओलांडून जातं. म्हणून गोळा झाल्यावर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं होतं. वेळ नव्हता म्हणता? फोन बघायला होता.

आता मूळ मुद्द्याकडे या, काजूकडे. इथे माझा राग खरा आहे, आणि तो का आहे हे तुम्हाला कळलं पाहिजे.

मी एक मिक्सरचं भांडं उघडून पाहिलं. पात्याखाली काजूचा चिकट गोळा बसलेला, कडेला तेलाचा पिवळसर ओघळ आणि वर अख्खे तुकडे तसेच. बटण दाबून धरलं आणि गप्पा मारत उभ्या राहिलात, दुसरं काय! काजूच्या वजनात जवळपास 44 टक्के तेल असतं. पातं सतत फिरलं की भांडं तापतं, काजूच्या पेशी फुटतात आणि तेल बाहेर येतं. त्याची पूड होत नाही, लगदा होतो. तो लगदा मैद्यात मिसळला की ट्रेवर जे तेलकट, चपटं, कडेला जाळीसारखं पसरलेलं दिसतंय ते होतं. काजू आधी फ्रीझरमध्ये थंड करायचे. भांडं कोरडं पुसायचं. कृतीतलीच दोन चमचे पिठीसाखर काजूबरोबर घालायची, म्हणजे सुटणारं तेल ती धरून ठेवते. बटण दाबायचं, सोडायचं, भांडं हलवायचं, पुन्हा दाबायचं. मग रव्याच्या चाळणीतून चाळायचं आणि वर राहिलेलं पुन्हा फिरवायचं. इतकं केलं की चिमटीत धरल्यावर भुरभुरणारी पूड मिळते. यात अवघड काहीच नाही, फक्त तिथे उभं राहावं लागतं.

आणि काजू कोणता आणलात? कुणी डब्ल्यू-240, कुणी डब्ल्यू-320, अख्खा, पांढराशुभ्र, महागातला. त्या आकड्याचा अर्थ विचारला तर कुणालाही सांगता आला नाही. एका पौंडात साधारण किती अख्खे काजू बसतात, तो हा आकडा. आकडा जितका लहान तितका काजू मोठा आणि महाग. अख्खेपणाचे जास्तीचे पैसे मोजायचे आणि घरी येऊन त्याचा मिक्सरमध्ये चुरा करायचा, हा कुठला शहाणपणा? पूड करायची तर पाकळी आणा, तुकडा आणा. ताजा असला तर चवीत फरक पडत नाही, आणि वाचलेल्या पैशात चांगलं लोणी येतं.

वेंगुर्ल्याला, मालवणला काजूच्या कारखान्यात बायका बी फोडताना कुणी पाहिलंय? काजूच्या कवचात एक जळजळीत तेल असतं, ते कातडी भाजून काढतं. हाताला राख किंवा एरंडेल लावून बायका दिवसभर बी फोडत बसतात, आतला गर न मोडता काढतात, मग त्याची साल सोलतात, मग प्रतवारी. ब्राझीलचं हे झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणलं, कोकणातल्या कातळावर ते तगलं आणि तिथल्या घरांची चूल त्याच्यावर पेटली. इतक्या हातांतून आलेल्या जिनसाचा तुम्ही लक्ष नसल्यामुळे लगदा केलात आणि भांड्याबरोबर धुऊन टाकलात. मला याचा संताप येतो. अन्न वाया घालवणाऱ्याला मी या वर्गात चुकून झालं म्हणून सोडत नाही.

अक्रोडवाल्यांचं तर विचारूच नका. काजूऐवजी अक्रोड चालेल का, म्हणून विचारलंत. मी हो म्हटलं. पण कधी फोडलेला अक्रोड? कुठे ठेवलेला? गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर, प्लास्टिकच्या बरणीत, गेल्या थंडीपासून. अक्रोडात 65 टक्क्यांच्या घरात तेल असतं, आणि ते तेल हवेशी फार लवकर बिघडतं. उष्णता आणि उजेड मिळाला की आणखी लवकर. बदाम त्या मानानं टिकतो, काजूही टिकतो, अक्रोड टिकत नाही. तो हवाबंद डब्यात घालून फ्रीझरमध्येच ठेवायचा. आणि वापरण्याआधी तोडून वास घ्यायचा, एक तुकडा अर्धा मिनिट नीट चावायचा. खवटपणा लगेच समोर येत नाही, गिळताना जिभेच्या मुळाशी येतो. जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आणि कडवट चव. तो व्हॅनिलानं झाकत नाही, वेलचीनं झाकत नाही, भाजल्यानं तर आणखी वर येतो. आज अक्रोडाचा एक संपूर्ण ट्रे खवट आहे. जिनं केला तिनं चव घेतलीच नव्हती. स्वतः न चाखता दुसऱ्यासमोर ठेवायचं धाडस होतं कसं?

शेंगदाण्याचंही ऐकून ठेवा, कारण तो प्रत्येकीच्या घरात असतो आणि त्याच्याकडे सगळ्यांत कमी पाहिलं जातं. सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा डाग असलेला दाणा निवडून फेकायचा. 1960 साली इंग्लंडमध्ये टर्की पक्षी हजारोंनी पटापट मेले. शोध घेतल्यावर कारण सापडलं, त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीतली बुरशी. तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात, ते यकृतावर जातं आणि ओव्हनमधल्या भाजण्यानं ते सगळं नाहीसं होत नाही. तेव्हा "भाजलं की सगळं मरतं" हे डोक्यातून काढा. कूट करायच्या आधी दाणे ताटात पसरून बघायला दोन मिनिटं लागतात.

भाजण्याबद्दल थोडक्यात. ओव्हन 160 अंशांवर आधी पंधरा मिनिटं तापवायचा. दिवा विझला म्हणजे ओव्हन तयार झाला असं नाही, आतल्या भिंती तापायला वेळ लागतो. बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, घरगुती ओव्हनमध्ये तो 10-20 अंशांनी चुकलेला सर्रास सापडतो. आत ठेवायचा तापमापक काहीशे रुपयांना मिळतो, तो घ्या. ट्रे मधल्या खाचेत. आणि बिस्किट वरून बघू नका, उलटं करून बघा. हे बघा, वरून पांढरट आणि खालून कॉफीच्या रंगाचं. काळा पातळ ट्रे, खालच्या खाचेत, जळत्या कांडीच्या डोक्यावर. खालून करपणार नाही तर काय? 140 अंशांच्या पुढे पिठातली, दुधातली, काजूतली प्रथिनं आणि साखर मिळून रंग आणि खरपूस वास धरायला लागतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मेलार्डनं 1912 साली ही क्रिया मांडली, म्हणून तिला त्याचं नाव आहे. पण ती क्रिया सोनेरी रंगावर थांबवायची असते, आणि थांबवणारे तुम्ही.

बिस्किट ओव्हनमध्ये कडक होण्याची वाट पाहत बसलात ही दुसरी मोठी चूक. कडा सोनेरी झाल्या की मधे मऊ असतानाच काढायचं, साधारण सोळा ते वीस मिनिटांत. लोणी वितळलेलं असतं म्हणून ते मऊ लागतं. गार होताना घट्ट होतं. पाच-दहा मिनिटं ट्रेवरच राहू द्यायचं, मग जाळीवर. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावायचं नाही, नाहीतर वाफ आतच धरते आणि सकाळी सगळी सादळलेली. हे मी दर वर्गात सांगते आणि दर वर्गात कुणीतरी गरम बिस्किटं डब्यात भरून घरी जातं.

आता जे सांगणार आहे त्यासाठी हातातली कामं खाली ठेवा.

तुमच्यातल्या एकीनं काजू महाग पडतो म्हणून अर्ध्या काजूच्या जागी शेंगदाण्याचं कूट घातलं. चवीत बरंच खपून गेलं, हे मी मान्य करते. शेंगदाण्याची बिस्किटं मला आवडतात, त्यात कमीपणा काहीच नाही. पण डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर काय लिहिलंय? 'शुद्ध काजू कुकीज'. आणि त्याच घाण्यातले डबे परवा ऑर्डरीत गेलेत, एका घरात वाढदिवसाला, लहान मुलांसाठी.

तुम्हाला कल्पना आहे का तुम्ही काय केलंत? शेंगदाणा काजू-बदामाच्या जातीचा नाही, तो डाळींच्या कुळातला आहे. एखाद्या मुलाला काजू चालतो पण शेंगदाण्यानं अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास कोंडतो. त्याला जिवावर बेतायला मोठा तुकडा लागत नाही, चिमूटभर कूट पुरतं. त्याची आई चिठ्ठी वाचते, काजू म्हटलंय म्हणून निर्धास्तपणे मुलाच्या हातात बिस्किट देते. तिनं तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला. तुम्ही किलोमागे वाचलेल्या पैशांसाठी त्या बाईला फसवलंत. याला काटकसर म्हणू नका. मी याला शिकाऊ माणसाची चूक म्हणायलाही तयार नाही. वजन चुकलं ही चूक, चिठ्ठी खोटी लिहिली हा खोटेपणा.

आणि बाकीच्यांनी सुटल्यासारखं बसू नका. एकाच मिक्सरच्या भांड्यात आधी शेंगदाण्याचं कूट, मग न धुता काजूची पूड, हे मी चार टेबलांवर पाहिलं. घरच्यासाठी करताय तेव्हा घरच्यांना काय चालतं हे तुम्हाला ठाऊक असतं. दुसऱ्याला विकताय तेव्हा ठाऊक नसतं. घरून विकणाऱ्यालासुद्धा अन्नसुरक्षेच्या 2006 च्या कायद्याखाली नोंदणी लागते, आणि पाकिटावर शेंगदाणा, काजू-बदाम-अक्रोडासारखा सुका मेवा, गहू, दूध यांतलं काय आहे ते स्पष्ट लिहावं लागतं. मैत्रिणींना विकते, ओळखीतच देते, म्हणून यातून सूट नाही. ओळखीच्या माणसाला तर जास्त खरं सांगायला हवं. शेंगदाणा आणि काजू यांची भांडी, चाळण्या, डबे वेगळे ठेवा. वेगळे ठेवणं जमत नसेल तर तसं चिठ्ठीवर लिहा. लाज वाटायचं कारण नाही, घेणारा आपलं आपण ठरवेल.

तुमच्यातल्या बऱ्याच जणी पुढे याच्यावर घर चालवणार आहेत. एकीनं नोकरी सोडली आहे, एकीची फी तिच्या सासूनं बांगडी मोडून भरली आहे, हे मला माहीत आहे. म्हणूनच मी गोड बोलून पाठीवर थाप मारणार नाही. दिवाळीत गिऱ्हाईक पहिला डबा कौतुकानं घेतं, दुसरा चवीवर घेतं. खवट अक्रोडाचा एक डबा गेला की गिऱ्हाईक भांडत नाही, तक्रार करत नाही, फक्त परत येत नाही, आणि तुम्ही वर्षभर दुसरं कारण शोधत राहता. तुमची मेहनत अशी मातीत जाताना मला बघायची नाही.

ज्यांचं वजन चुकलं त्यांनी आजच्या आज काटा विकत घ्यायचा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. उद्यापासून वाटी घेऊन आलेल्या माणसाला मी ओट्याशी उभं राहू देणार नाही. अक्रोडाचा ट्रे कचऱ्यात जाईल, घरी न्यायचा नाही आणि कामवाल्या बाईंच्या हातात तर मुळीच द्यायचा नाही. जे आपण खाणार नाही ते त्यांनी का खावं?

आणि कूट घातलेल्या बाई, तुम्ही बाहेर व्हरांड्यात जा आणि त्या घरी फोन करा. बिस्किटांत शेंगदाणा आहे, चिठ्ठीवर चुकीचं लिहिलं होतं, कुणालाही देऊ नका, असं सरळ सांगा. 'थोडासा गोंधळ झाला' वगैरे बोलू नका. कुणी खाल्लंय का, कुणाला त्रास झालाय का, तेही विचारा. पैसे परत करा आणि उरलेले डबे स्वतः जाऊन घेऊन या. त्या रागावतील, तुम्ही ऐकून घ्याल. तो फोन होईपर्यंत तुमचा ओव्हन मी लावू देणार नाही. झाला की आत या, 150 ग्रॅम मैदा काट्यावर तोला, आणि पुढचा घाणा माझ्यासमोर भाजा.